लेकरू मावशीकडे आले, त्याचे कागद कुठे आहेत?

घरात रोजची दारू, रोजची मारझोड. अशा घरातले लेकरू एखाद्या रात्री पिशवीत दोन कपडे घेऊन मावशीच्या दारात येते. नरखेड तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांना हे नवे नाही. मावशी संत्र्याच्या तोडीला जाणारी, हातावर पोट असलेली. तरी म्हणते, "आपलंच लेकरू आहे, खाईल आमच्यातलं."

ही माया आपल्याला परकी नाही. जन्मानंतर सातव्या दिवशी सिद्धार्थाची आई महामाया गेली, तेव्हा मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. बाबासाहेब लहान असतानाच भीमाबाई वारल्या; पुढे आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. पण मायेच्या जोडीला तीन गोष्टी लागतात, असे आम्हाला वाटते.

पहिली, आदेश. मुलाला घरी धोका असेल तर १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे आणि कोणीही करू शकतो. घरातून काढलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावे लागते. समिती चौकशी करून त्याला आजी, मामा किंवा मावशीच्या ताब्यात देऊ शकते. तो लेखी आदेश जपून ठेवा. उद्या बाप पिऊन मूल ओढून न्यायला आला, तर तोच कागद कामी येतो.

दुसरी, पैसा. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. अंगणवाडी सेविकेला विचारले तर ती वाट दाखवील.

तिसरी, तब्येत. विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. मुलाची तपासणी झाली आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे आधी विचारा. माहीत नसेल तर सरकारी रुग्णालयात तपासून घ्या. "हातपाय दुखतात" हे कामचुकारपणा समजून सोडू नका. सिकलसेलच्या मुलाला भरपूर पाणी द्या, थंडीपासून जपा, गोळ्या चुकवू नका. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. लसीकरणाचे कार्डही मागून घ्या.

मनाचेही आजारपण असते. नवीन घरी आलेले मूल रात्री दचकते, अंथरूण ओले करते, भाकरी उशीखाली लपवते. हा वांडपणा नव्हे, भीती आहे. मारू नका. "बापावर गेला" असे टोमणे देऊ नका. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ रोज तीच ठेवा. भीती कमी होत नसेल तर १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

समितीसमोर जायला नागपूर गाठावे लागते. मावशीची त्या दिवसाची मजुरी बुडते, अर्ज वाचता येत नाही. म्हणून विहारातल्या महिला मंडळाला आमची विनंती आहे: अशा घरी जा, अर्ज भरून द्या, एकीने तिच्यासोबत नागपूरला जा. लेकरू मावशीचे आहे, तसे ते वस्तीचेही आहे.

जय भीम.