लागणीची नोंद होते, लग्नाची का नाही?



माती परीक्षण, बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट हे आमचे नेहमीचे विषय. या वेळी लग्नाचा विषय पाहून आपण म्हणाल, शेतकी खात्याने भटजीचे काम कधीपासून धरले? पण कारण घडले म्हणून लिहीत आहोत.

आमच्या गटातील एक सभासद अचानक वारले. त्यांनी शेअर्सला वारस म्हणून कुणाचेच नाव लावलेले नव्हते. वहिनी कागद घेऊन आल्या. रेशनकार्डावर सासरचे नाव, आधारवर माहेरचे. बावीस वर्षे संसार झाला, पण लग्न झाल्याचा एकही कागद घरात नव्हता. "अहो साहेब, सगळ्या गावानं अक्षता टाकल्यात की!" असे त्या म्हणाल्या. ते खरेच होते, पण अक्षता फायलीला लावता येत नाहीत. बिचाऱ्यांना कितीतरी हेलपाटे घालावे लागले.

उसाची लागण झाली की आपण चिटबॉयला गाठून क्षेत्र, जात, तारीख लिहून घेतो. नोंद नसली तर तोड मिळणार नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मग घरच्या लक्ष्मीच्या बाबतीत ही आळस कशाला?

आपल्या राज्यात विवाह नोंदणीसाठी 1998 चा कायदा आहे. पुढे 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना सांगितले. नोंदणी अशी करावी :

1) लग्नापासून 90 दिवसांच्या आत अर्ज द्यावा. मुदत टळली तरी नोंद होते, मात्र फी जादा पडते. जुन्या जोडप्यांनीही मनात शंका आणू नये.

2) खेडेगावात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे होते, शहरात नगरपालिका वा महानगरपालिकेकडे.

3) पती, पत्नी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. वयाचा दाखला, राहण्याचा पुरावा, फोटो व लग्नपत्रिका जवळ ठेवावी. लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही आधीच घेऊन ठेवलेली बरी.

4) लग्नाच्या दिवशी मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पुरी झालेली हवीत. त्याआधी लग्न लावणे हा 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, आणि त्यात लग्न लावणारेही सापडतात. आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांमध्ये पोरींची लग्ने लवकर उरकतात, हे आपण पाहतो. असे कानावर आले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगावे किंवा 1098 वर फोन करावा. पोरीचे आयुष्य वाचेल.

5) धार्मिक विधी न करता लग्न करायचे असेल, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याने करता येते. त्यासाठी विवाह अधिकाऱ्यांना आधी नोटीस द्यावी लागते व 30 दिवस थांबावे लागते. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान 30 दिवस मुक्काम हवा.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. नोंद नाही म्हणून हिंदू विवाह रद्द होत नाही, आणि विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्नही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली हे स्पष्ट केले आहे. म्हणजे दाखला हा पुरावा आहे. गरज पडते तेव्हा माणूस सांगायला हयात नसतो, म्हणून तो आधीच काढून ठेवायचा.

दाखला मिळाला की त्याची झेरॉक्स घेऊन शेअर विभागात यावे आणि वारसाचे नाव लावून घ्यावे. ज्यांनी पूर्वी आई-वडिलांचे नाव लावले आणि पुढे बदलायचे राहून गेले, त्यांनीही एकदा पाहून घ्यावे.

आता खरे सांगायचे तर आमचीही नोंद राहिलीच होती. गेल्या महिन्यात आम्ही उभयता ग्रामपंचायतीत जाऊन ती करून आलो. परत येताना घरातून प्रश्न आला, "एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं का नाही केलंत?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.