चांदोबा नावाचा स्टुडिओ

रात्रीची वेळ, स्मशानाची वाट, पायाशी कवट्या आणि त्यातून चाललेला राजा. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. विक्रम-वेताळाचं हे चित्र मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांनी दर महिन्याला पाहिलं. गोष्टी विसरलेल्या माणसालाही हे चित्र आठवतं. ते काढणारे के. सी. शिवशंकरन तमिळनाडूचे. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत ते शिकले, १९५२ साली चांदोबा मासिकाच्या कचेरीत नोकरीला लागले आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं ‘शंकर’ या सहीने तिथेच चित्रं काढत राहिले. आपल्या विक्रमादित्याचा चेहरा, त्याची मिशी, त्याची चाल हे सगळं मद्रासेत ठरलं.

चांदोबाविषयी मराठीत जे लिहिलं जातं, ते बहुतेक बालपणीच्या हळव्या आठवणींचं असतं. त्या आठवणी खऱ्याच आहेत. पण त्यांच्या भरात हे मासिक कोणी आणि कसं चालवलं, याची गोष्ट मागे पडते. माझ्या मते चांदोबाची गोडी त्याच्या कामाच्या पद्धतीत होती, आणि ती पद्धत आली होती सिनेमातून.

बी. नागी रेड्डी आणि आलूरि चक्रपाणी हे मासिकाचे जन्मदाते. पहिला अंक निघाला जुलै १९४७ मध्ये, तेलुगूत ‘चंदामामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ या नावाने. पुढच्या दोन वर्षांत कन्नड आणि हिंदी आवृत्त्या आल्या, आणि १९५२ साली मराठी ‘चांदोबा’. नंतर भाषा वाढत गेल्या. ओडिया, गुजराती, बंगाली, इंग्रजी, सिंहली, १९८४ मध्ये संस्कृत आणि या शतकाच्या सुरुवातीला संथाळीसुद्धा.

याच दोघांनी चित्रपटसंस्था काढली, विजया प्रॉडक्शन्स. ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबजार’ (१९५७) हे तिचे चित्रपट तेलुगू माणूस आजही तोंडपाठ असल्यासारखे सांगतो. आपल्याकडच्या प्रेक्षकांना दिलीपकुमारचा ‘राम और श्याम’ (१९६७) आठवेल, तोही नागी रेड्डींचाच. मद्रासच्या वडपळणीत त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथेच छापखाना. चांदोबातल्या राजवाड्यांचे खांब, राक्षसांचे मुकुट, मांत्रिकांच्या गुहा पाहा आणि मग ‘मायाबजार’ पाहा, नातं लगेच ध्यानात येतं. पण त्याहून महत्त्वाचं साम्य कामाच्या रीतीत होतं. त्या काळच्या स्टुडिओत लेखक, नट, चित्रकार, सुतार सगळे महिन्याच्या पगारावर असत. चांदोबातही तसंच होतं. चित्रकार पगारी, कथा नीट करणारे पगारी, आणि प्रत्येक भाषेचे लोक एकाच ठिकाणी बसलेले. दर महिन्याला अंक निघायचाच, मग कोणाला स्फूर्ती येवो न येवो.

चक्रपाणी स्वतः अनुवादक. बंगाली शिकून त्यांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या तेलुगूत आणल्या होत्या. पुस्तक दुसऱ्या भाषेत नेताना कुठे काय सांडतं, याची ज्याला हातानं जाण आली आहे, अशा माणसाने बहुभाषी मासिक काढलं, हे चांदोबाचं मोठं भाग्य. आणि त्यांनी मजकुराची सूत्रं दिली कोडवटिगंटि कुटुंबराव यांच्या हाती. कुटुंबराव हे तेलुगूतले थोर कथाकार-कादंबरीकार, पुरोगामी विचारांचे, पक्के बुद्धिवादी. १९५२ पासून १९८० मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चांदोबात होते. संपादक म्हणून नाव चक्रपाणींचं छापलं जाई, आणि अठ्ठावीस वर्षं गोष्टींना घडण देत राहिले कुटुंबराव. भुतंखेतं न मानणाऱ्या माणसाने आयुष्याची इतकी वर्षं वेताळाला दिली, आणि मन लावून दिली. गोष्ट कोठूनही येवो, वाचकाने पाठवलेली असो, लोककथा असो की जातककथा, त्यांच्या हाताखालून गेली की तिची वाक्यं आखूड होत, वर्णनं गळून पडत आणि माणसं सरळ बोलू लागत. दहा-बारा भाषांत जाणारी गोष्ट इतकी स्वच्छ नसती, तर ती प्रत्येक भाषेत अडखळली असती.

सगळ्या भाषांत चित्रं तीच असत. चित्राची जागा ठरलेली, म्हणून गोष्टीची लांबीही ठरलेली. मराठी मजकूर त्या चौकटीत बसवायचा, म्हणजे अनुवादकाला पसरायला वाव नाही. या तंगीने चांदोबाच्या मराठीला एक वळण दिलं. अलंकार नाहीत, म्हणींची रेलचेल नाही, पण वाक्याला वेग आहे. नुकतं वाचायला शिकलेलं सात वर्षांचं मूल आणि दुपारी चष्मा लावून बसलेली आजी, दोघांनाही ते न थांबता वाचता येई.

वेताळाच्या गोष्टींकडे मात्र सवडीने पाहायला हवं, कारण तिथे या मंडळींचं कसब पणाला लागलं. मूळ ‘वेतालपंचविंशति’ म्हणजे पंचवीस कथा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या ‘कथासरित्सागरा’त घेतल्या. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो, उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचं डोकं फुटणार, आणि बोलला तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाणार. मूळ ग्रंथात अखेरच्या पेचाला राजाजवळ उत्तर नसतं, तो गप्प राहतो आणि कथाचक्र संपतं. चांदोबाला ते संपवायचं नव्हतं. म्हणून जुन्या कथा वापरून झाल्यावर नव्या घडवायला सुरुवात झाली, आणि त्या दशकानुदशकं, शेकड्यांनी घडवल्या गेल्या.

यातली अडचण किती मोठी आहे, हे स्वतः एखादी गोष्ट रचायला बसलं की कळतं. साधी चांगली गोष्ट इथे चालत नाही. तिच्या शेवटी एखाद्या माणसाचं वागणं वाचकाला खटकलं पाहिजे. दानशूर म्हणून ओळखलेल्या माणसाने अचानक दान का नाकारलं? दोन मित्रांपैकी ज्याने कमी कष्ट केले, त्यालाच राजाने बक्षीस का दिलं? वेताळ तेच विचारतो. आणि विक्रमाचं उत्तर असं हवं, की ऐकल्यावर गोष्ट मागे जाऊन पुन्हा वाचाविशी वाटावी. गोष्टीतली सगळी माहिती वाचकापाशी आधीच असते, उत्तरात नवं काहीच बाहेरून येत नाही. पान उलटण्याआधी घरातल्या मुलांनी थांबून भांडायचं, ‘तू सांग, कोणाचं बरोबर?’, हीच या सदराची खरी जागा होती. न्याय करताना हेतू पाहायचा, परिस्थिती पाहायची, आणि आपलं मत कारणासह मांडायचं, याची तालीम कित्येकांना याच पानांवर मिळाली. मी त्यांतलाच एक.

ग्रीक महाकाव्यंही याच कारखान्यातून घरोघरी गेली. ओडिसियसची भटकंती तेलुगूत आणताना कुटुंबरावांनी त्याचं नाव ‘रूपधर’ ठेवलं, आणि हेलनच्या कथेची झाली ‘भुवनसुंदरी’. एकडोळ्या राक्षसाच्या गुहेतून सुटणारा तो वीर परका वाटावा असं नावात काहीच उरलं नाही. लांबलचक अद्भुत मालिका लिहिणारे होते दासरि सुब्रह्मण्यम. धूमकेतू, मकरदेवता, पाताळातले किल्ले, उजाड देवळं, त्यांत अडकलेले दोन-तीन धाडसी तरुण आणि ऐन कड्याच्या टोकावर येऊन थांबणारा महिन्याचा हप्ता. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी चांदोबात काम केलं आणि वाचकांना त्यांचं नाव फार उशिरा कळलं.

चित्रकारांत शंकर यांच्याआधी आले ‘चित्रा’, म्हणजे टी. व्ही. राघवन. त्यांच्या मालिकांतल्या राक्षसांना आणि विचित्र प्राण्यांना वजन असे, पानातून धडपडत बाहेर येतील असे ते वाटत. शंकर कलाशाळेत शिकलेले, त्यांची रेघ नाजूक आणि तपशिलाची भुकेली, रथाच्या चाकावरची नक्षीसुद्धा ते सोडत नसत. एम. टी. व्ही. आचार्य यांची महाभारताची मुखपृष्ठं आणि वड्डादि पापय्यांची पौराणिक रंगचित्रं घरात कापून, काचेत बसवून लावणारे लोक होते. मराठी मुलांना दक्षिण पहिल्यांदा दिसली ती याच चित्रांत. गोपुरं, लाकडी खांबांच्या ओसऱ्या, केळीची बनं, खांद्यावर अंगवस्त्र टाकलेले गावचे शहाणे. गावाचं नाव मराठीत काहीही असो, घरांची छपरं आंध्र-तमिळ मुलखातली असत.

अंक स्टॉलवरही मिळे, पण वर्गणीचा थाट वेगळा होता. मनिऑर्डरने वर्षाचे पैसे पाठवायचे, आणि मग पोस्टमन कागदी वेष्टनात गुंडाळलेला अंक घेऊन येणार. वेष्टनावर घरातल्या मुलाचं नाव छापलेलं असे, आणि ज्या वयात आपल्याला कोणी पत्र लिहीत नाही, त्या वयात हे फार मोठं होतं. भावंडांत पहिला नंबर कोणाचा, यावर रडारड होई. शेवटच्या पानांवर दोन फोटो असत, त्यांना जोडीने शोभेल अशी ओळ वाचकांनी सुचवायची आणि पोस्टकार्डावर पाठवायची. वर्षअखेरीला बारा अंक बाइंडरकडे जात आणि पुठ्ठ्याच्या खंडात शिवून परत येत.

मराठीत मुलांची मासिकं नव्हती असं मुळीच नाही. वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ पासून निघत होता, आणि १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं. साहित्य म्हणून ‘किशोर’ कितीतरी उजवं आहे, त्यात आपली माती आहे, आपले कवी आहेत, आजची मुलं आहेत. चांदोबात आजचं जग जवळजवळ नव्हतंच. राजा भला असला की प्रजा सुखी, सून समजूतदार असली की घर सुखी, गरिबाने अक्कल लढवली की त्याला थैली मिळते, या चौकटीबाहेर तो क्वचित गेला. मुलींच्या वाट्याला धाडस फार थोडं आलं. मोठेपणी हे खुपतं, आणि खुपायलाच हवं. तरी गोष्ट सांगण्याचं शुद्ध कसब म्हणून त्याच्या तोडीचं मासिक भारतीय भाषांत मला दिसत नाही.

कुटुंबराव १९८० मध्ये गेले, त्याआधी १९७५ मध्ये चक्रपाणी. टीव्ही घरात आला, आणि १९८५ मध्ये रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका दूरदर्शनवर लागली. पण मासिकाला पहिला खरा धक्का बसला तो १९९८ मध्ये, कामगारांच्या तंट्यात अंक बंद पडला तेव्हा. वर्षभराने नव्या भांडवलावर तो पुन्हा सुरू झाला. २००७ मध्ये मुंबईची जिओडेसिक ही सॉफ्टवेअर कंपनी मालक झाली. पुढे ती कंपनीच अडचणीत येऊन अवसायनात गेली, आणि २०१३ च्या सुमारास चांदोबा थांबला. स्टुडिओच्या पद्धतीचं हेच आहे, पगार देणारा हात गेला की माणसं पांगतात आणि माणसं पांगली की कसब उरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये शंकर वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

तेलुगू वाचकांनी जुने अंक शोधून, स्कॅन करून, दासरींच्या मालिका पुन्हा लोकांपुढे आणल्या. मासिकाच्या लेखकांवर, चित्रकारांवर तिथे आस्थेने लिहिलं गेलं. मराठीत हे काम व्हायला हवं. ज्यांनी मद्रासेत बसून महिन्यामागून महिना वेताळाला मराठी बोलायला लावलं, त्यांचं नाव गोष्टीखाली छापलं जात नसे. ही माणसं कोण, ती तिथे कशी पोचली, हे सांगू शकणारी मुलं-नातवंडं आज चेन्नईत, पुण्यात, आणखी कुठे असतील. त्यांना गाठायला आता फार वर्षं हाताशी नाहीत. आणि ज्यांच्या माळ्यावर पन्नास-साठच्या दशकांतले मराठी खंड पडून आहेत, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात एकदा विचारावं.