चकमकीचे पिस्तूल

नाशिकच्या उत्तरेस दिंडोरी हे गाव आहे. इ. स. १६७० च्या ऑक्टोबर महिन्यात वणी-दिंडोरीच्या परिसरात मराठे व मोगल यांची मोठी लढाई झाली. शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन परतत असता दाऊदखान कुरेशी याने त्यांची वाट अडविली. मोगलांच्या आघाडीवरील इखलासखान मियाना जखमी झाला. बुंदेल्यांच्या पायदळाने मात्र बंदुकांच्या माऱ्याने मराठ्यांना थोपवून धरले. तरीही अखेरीस लूट सुखरूप स्वराज्यात पोहोचली.

त्या काळी आपल्याकडील बंदूक बहुधा तोड्याची असे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची वात. ती सतत धुमसत ठेवावी लागे. बंदुकीच्या कानाशी थोडी बारीक दारू ठेवीत. तिला रंजक म्हणत. तोड्याचे जळते टोक रंजकीस लागले, की बार उडे. पायदळाच्या शिपायास हे जमत असे. पण एका हाती लगाम धरणाऱ्या स्वाराने पेटती वात सांभाळावी कशी? ती कमरेला खोवता येत नसे, आणि रात्री तिचा निखारा शत्रूस दुरून दिसे.

विस्तव जवळ न बाळगता हवा त्या क्षणी तो निर्माण करता येईल काय? याचे उत्तर साध्या चकमकीत होते. काड्यापेटी येण्यापूर्वी खेडोपाडी गारेवर पोलाद आपटून ठिणगी पाडीत. हीच युक्ती बंदुकीस जोडण्याचे प्रयत्न युरोपात झाले. प्रथम फिरत्या चाकाचा चाप निघाला. पण तो घड्याळासारखा नाजूक आणि महाग होता. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये चकमकीचा सुटसुटीत चाप तयार झाला.

या चापाच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट बसविलेला असे. खटका ओढताच घोडा पोलादी झाकणावर आदळे. त्या आघाताने ठिणग्या पडत, त्याच वेळी झाकण उघडे आणि खालची रंजक पेट घेई. ती ज्वाला कानातून नळीत शिरताच गोळी सुटे. आता स्वाराला आखूड नळीचे, एका हातात मावणारे पिस्तूल भरून खोगिराच्या म्यानात ठेवता येऊ लागले.

लंडन व बर्मिंगहॅम येथील कारागीर अशी पिस्तुले बनविण्यात निष्णात झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या पुष्कळ शस्त्रांवर तिचे हृदयाच्या आकाराचे चिन्ह कोरलेले आढळते. तथापि या पिस्तुलात उणिवाही होत्या. एका वेळी एकच गोळी सुटे, नेम थोड्याच पावलांपर्यंत साधे, आणि पावसात रंजक भिजली की शस्त्र निकामी होई. म्हणून स्वार पिस्तूल बाळगी, परंतु तलवार सोडीत नसे.

नव्या शस्त्रांचे महत्त्व महादजी शिंदे यांनी ओळखले होते. त्यांच्या पदरी असलेल्या डी बॉयन याच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा व चकमकीच्या बंदुका तयार होऊ लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंद्यांच्या सैन्याने इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी केली. तरीही विजय इंग्रजांचा झाला. शिंद्यांच्या चाकरीतील अनेक इंग्रज अधिकारी युद्धाच्या आरंभीच त्यांना सोडून गेले होते. बंदुका येथे घडल्या होत्या. परंतु त्या चालविणाऱ्या पलटणींचे नेतृत्व परक्यांच्याच हाती राहिले होते.

चकमकीचे युगही फार काळ टिकले नाही. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाला शिकारीचा छंद होता. रंजकीचा भडका दिसताच पक्षी उडून जातात, हे त्याच्या ध्यानी आले. १८०७ साली त्याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीच्या बंदुका आल्या आणि गारेचे काम संपले.

आज ही पिस्तुले संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांची नक्षी प्रथम डोळ्यांत भरते. पण घोड्याच्या जबड्यातील तो लहानसा दगडही निरखून पाहावा. शस्त्र विकत मिळते, कारखानाही उभारता येतो. पण ते चालविण्याची विद्या आपल्या माणसांच्या अंगी बाणली नाही, तर ऐन प्रसंगी त्याचा भरवसा धरता येत नाही, याची साक्ष तो देतो.