जुन्या रिसीव्हरचा वॅट जास्त दणकट असतो का?

१९७०च्या दशकातला पायोनियर किंवा मरांट्झचा स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) घ्यावा की मध्यम किमतीचा नवा, या वादात ‘जुना वॅट दणकट’ हे वाक्य हमखास येतं. वॅट हे शक्तीचं माप. त्याला वय नसतं आणि वॅट म्हणजे आवाजही नव्हे. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असो वा पाचशेची, अंघोळीची बादली तेवढ्याच पाण्याने भरते. घरात बेताच्या आवाजात गाणं ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्ची पडतात. शक्ती दुप्पट केली तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबल.

समजुतीला आधार अगदीच नाही, असं नाही. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने सलग मिळणारी शक्तीच जाहीर करण्याचा नियम केला, म्हणून त्यानंतरच्या स्टिरिओंवरचे आकडे भरवशाचे वाटतात. आजच्या अनेक होम थिएटर रिसीव्हरांचा आकडा मात्र सगळे चॅनेल (एकेका स्पीकरसाठीचे मार्ग) एकदम चालवून मोजलेला नसतो. म्हणजे फरक मोजणीचा, वॅटचा नव्हे. ‘पण जुना सेट वजनदार, म्हणजे टिकाऊ’ असंही म्हणतात. ट्रान्सफॉर्मर मोठा, हे खरंच. पण त्याच पेटीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रावण असलेले, वीज साठवणारे छोटे डबे) पन्नास वर्षांत सुकत जातात. मग स्पीकरमधून घुमणारी गुणगुण येते. शिवाय आत धूळ-गंज साचल्याने व्हॉल्यूमची चकती फिरवली की खरखरते. तेव्हा जाणता कारागीर हाताशी असेल तर जुना जरूर घ्यावा, नसेल तर नवाच बरा. आणि अमेरिकेतून आणलेला सेट १२० व्होल्टचा असेल, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावू नये.