नशीब म्हणण्याचा अधिकार कुणाला?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या देवळात घडणारी एक कथा संत नामदेवांच्या नावावर सांगितली जाते. कीर्तनात रंगलेल्या नामदेवांशी ती अजिबात जुळत नाही, आणि अनेक अभ्यासकांनी ती नंतरची म्हणून बाजूला ठेवली आहे. या कथेतला नामा वाटमाऱ्या आहे. त्याने ८४ घोडेस्वार मारले आहेत, तरी नागनाथाचं दर्शन चुकवलेलं नाही. एके दिवशी देवळात एक बाई भुकेल्या पोराला गप्प करताना दिसते. चौकशी केल्यावर कळतं, की तिचा नवरा त्या ८४ जणांतलाच. नामा तिथेच मोडून पडतो. चरित्र म्हणून ही कथा टिकत नसेल, पण ती रचणाऱ्याला माणसाची नस सापडली होती. 'बाई, तुझं नशीब' म्हणून घासभर अन्न देऊन निघून जाणं नाम्याला सहज जमलं असतं. तिच्या बाजूने पाहिलं तर नवरा जाणं हे दैवच होतं, कुठून तरी आलेला घाला. पण त्या देवळात एक माणूस असा होता, ज्याला या घटनेला दैव म्हणण्याची मुभा नव्हती. नशीब खरं की खोटं, या वादात आपण उगाच अडकतो. हा शब्द कोण उच्चारतो आहे, हे आधी पाहायला हवं.

आपली परंपरा दैववादी आहे, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. याज्ञवल्क्यस्मृती कार्यसिद्धीसाठी दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, दोन्ही लागतात म्हणते, त्यासाठी एका चाकावर न चालणाऱ्या रथाचा दाखला देते, आणि दैव म्हणजे मागच्या जन्मीचा पुरुषकारच, असंही सांगते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत. त्यांत दैवाचा क्रमांक पाचवा, शेवटचा. खाटल्यावर बसून हरीची वाट पाहणाऱ्याची आपल्या म्हणीने थट्टाच केली आहे.

आता देवळातून शिवारात येऊ. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे सोयाबीन उगवलं नाही, की पहिला शब्द निघतो तो नशीब. त्या एका शब्दाखाली किती हात दडलेले असतात, हे उलगडून पाहण्यासारखं आहे. पाऊस कुणाच्याच हातात नाही. तेवढं निखळ दैव. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ७० किंवा अधिक उगवले तर ते पेरण्याजोगं. ही तपासणी न करणं हा शेतकऱ्याचा निर्णय झाला. पिशवीतलं बियाणंच बोगस निघालं, तर निर्णय विकणाऱ्याचा आणि ते बाजारात येऊ देणाऱ्या तपासनिसाचा. खाद्यतेलावरचं आयात शुल्क दिल्लीत ठरतं आणि त्यावर सोयाबीनचा भाव हलतो. वसमतकडच्या हळदीचंही असंच. कंदकूज हा रोग खरा, पण पाणी साचलेल्या रानात तो फोफावतो, म्हणून तर गादीवाफ्यावर लागवड करायला सांगतात. अर्थात गादीवाफ्याला ट्रॅक्टर लागतो, ट्रॅक्टरला पैसा लागतो, आणि पैसा कुणाला किती व्याजाने मिळतो हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं. इतकं सगळं वजा केल्यावर दैवाच्या वाट्याला जे उरतं, ते खरं, पण बरंच कमी.

यावर विज्ञानाच्या बाजूने एक चिवट आक्षेप येतो. मेंदू हाही पदार्थच, पदार्थ नियमांनी बांधलेला, मग निवड हा भासच नाही का? औंढा तालुक्यातच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. या लहरींचं भाकीत ज्यांच्या सिद्धांतातून निघालं, ते आइन्स्टाइन स्वतः पक्के नियतिवादी होते. पण अशा उपकरणाच्या अचूकतेला मर्यादा घालणाऱ्या गोष्टींत प्रकाशाची पुंजीय अनिश्चितताही येते. म्हणजे विश्व घड्याळासारखं चालत नाही. तरी यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण फाशासारखा पडलेला निर्णय काही 'माझा' ठरत नाही. जबाबदारीसाठी कारणांच्या साखळीबाहेर उडी मारावी लागत नाही. कारण ऐकून बदलता येणं पुरतं. पुराला समजावता येत नाही. नाम्याला एका बाईचं बोलणं पुरलं. ते बोलणंही कारणच, पण त्याच्यापर्यंत पोहोचू शकलेलं कारण.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 'आपल्या निवडींची जबाबदारी घ्या' हा उपदेश नेहमी खालच्या दिशेलाच का वाहतो? दुष्काळी गावातल्या कर्जबाजारी माणसाला तो ऐकवणं क्रूरपणाचं आहे, आणि हे म्हणणं रास्तच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर नेमकं इथेच बोट ठेवलं. गरिबाची दैना त्याच्याच मागच्या जन्माच्या माथी मारली, की समाज आणि शासन दोघेही मोकळे होतात. पण बारकाईने पाहिलं तर हा आक्षेप जबाबदारीच्या कल्पनेला मोडीत काढत नाही, तिला योग्य पत्त्यावर पाठवतो. ज्याच्या हातात जितके पर्याय, तितकी त्याची जबाबदारी. मग अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याकडे ती चिमूटभर येते आणि धोरण ठरवणाऱ्याकडे पोतंभर.

हिंगोलीच्या हळद बाजाराला संत नामदेवांचंच नाव आहे. भाव कोसळला की तिथे ढिगाशेजारी उभा असलेला शेतकरी कपाळाला हात लावतो, आणि त्याला तो लावू द्यावा. पण आयात-निर्यातीची अधिसूचना काढणाऱ्याने कपाळाला हात लावला, तर तो हात धरून खाली घेता आला पाहिजे.