थांबवलेला भूकंप

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लातूर भागातली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं गाढ झोपली होती. तेवढ्यात भूकंप झाला. त्याचं माप 6.2. एवढे धक्के पृथ्वीवर दरवर्षी शंभराच्या घरात होतात आणि बहुतेकांची आपल्याला खबरही नसते. इथे मात्र सुमारे दहा हजार माणसं गेली.

असं का झालं, याचा बराचसा उलगडा कागद-पेन्सिलीने होतो. त्यासाठी इंजिनिअर एक अजब गोष्ट करतात: भूकंप थांबवतात! खरा भूकंप घराला क्षणाक्षणाला वेगळ्या दिशेने हिसडे देतो. हिशेबात मात्र जमीन निश्चल आहे आणि घराला बाजूने कुणीतरी एकसारखं रेटतंय, असं धरायचं. या रीतीला म्हणतात स्टॅटिक मॉडेल. रेटा किती धरायचा? घराच्या वजनाचा ठरावीक हिस्सा. एसटीने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे फेकले जातो, ते आपल्याच वजनामुळे; घराचंही तसंच. जड घर म्हणजे मोठा रेटा.

ही युक्ती जुनी आहे. इटलीत मेसिना शहर 1908 मध्ये उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथल्या समितीने सुचवलं की तळमजल्यासाठी वरच्या वजनाचा बारावा आणि वरच्या मजल्यासाठी आठवा हिस्सा आडवा रेटा धरा. आपलं भूकंपविषयक भारतीय मानक लातूर भागातल्या साध्या दगडी घराला लावलं, तर आकडा जवळपास आठव्या हिश्श्याचाच निघतो.

आता हे इथल्या मातीच्या छताला, म्हणजे माळवदाला लावून बघा. दहा बाय बाराची खोली, वर लाकडी तुळया-फळ्या आणि त्यावर दीड फूट पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून मृगाआधी नवा थर, जुना तसाच खाली. त्या मातीचं वजन होतं साधारण 85 क्विंटल. त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे दहा-अकरा क्विंटलचा आडवा रेटा. तोही एकट्या छताच्या मातीचा. भिंतींचं स्वतःचं वजन वेगळंच.

आणि तो झेलायचा कुणी? दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड भिंतींनी. दिसायला किल्ल्यासारख्या, पण आतून दोन सुट्या भिंती: बाहेर एक थर, आत एक थर, मधे दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. रेटा येताच थर एकमेकांपासून सुटले आणि छत खाली आलं. उन्हाळ्यात ज्या मातीने घर गार ठेवलं, तिच्याखालीच माणसं गुदमरली. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही काही माळवदं उभी राहिली. हिशेबाला ते धरूनच आहे.

मग हा हिशेब आधी कुणी का केला नाही? तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचा काळा दगड भक्कम, असा सगळ्यांचाच समज. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत विंधनविवर घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटरवर हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, संपला. खाली गाळाचा पातळ थर आणि मग कोट्यवधी वर्षं जुना मूळ खडक. भूकंप त्या खालच्या खडकातून आला होता. 2002 मध्ये पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी भाग तिसऱ्यात गेला.

हे स्टॅटिक मॉडेल अपुरं आहे, यात शंका नाही. हादरा किती सेकंद टिकला, उंच इमारत कशी झुलेल, हे त्याला कळत नाही. पण बुटक्या, जाड भिंतींच्या घरापुरतं ते पुष्कळ खरं बोलतं, असं माझं मत.

आणि धोका अजून टळलेला नाही. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीजवळ 4.5 चा धक्का बसला. नांदेडकरांनाही तो जाणवला. तुमच्या गावाकडच्या घरावर अजून माळवद असेल, तर या उन्हाळ्यात नवा थर टाकण्याआधी जुनी माती किती साचलीय ते मोजा आणि जास्तीची उतरवा. भिंतीत आरपार दगड आणि दाराच्या वर चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालता येईल का, हे जाणत्या इंजिनिअरला विचारा.