तांडेलाच्या तोंडची शिवी लिहावी का?

मागच्या भागानंतर रेवदंड्याकडून एका ऐकणाऱ्यांचा निरोप आला. ते ख्रिस्ती आहेत, कथा लिहितात. विचारतात, "माझा तांडेल कोर्लईचा. होडीवर शिव्या देतो. त्या लिहिल्या तर चर्चमधले रागावतील, गाळल्या तर बंदरावरचे हसतील. करू काय?"

कोर्लई म्हणजे रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं गाव. पोर्तुगीज १७४०मध्ये चौल सोडून गेले, पण इथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलतात. बोली इतकी जपणाऱ्या माणसांना कथेत खोटं बोलायला लावणं बरं नाही, हे मला पटतं.

पण आधी एक फरक बघू. इंग्रजीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांची मोठी अडचण असते ती रागाच्या भरात देवाचं नाव घेण्याची. दहा आज्ञांत त्याला मनाई आहे. आपली मराठी शिवी बहुतेक वेळा देवाकडे जातच नाही, आई-बहिणीकडे जाते. भांडण दोन पुरुषांचं, अपमान घरातल्या बाईचा. म्हणून आपण विचारायचं ते हे, की शिवी लागते कोणाला?

आता पेत्र बघा. तोही मासेमारच. येशूला ओळखत नाही असं सांगताना तो शाप देऊ लागला, शपथा घेऊ लागला, हे मत्तय आणि मार्क दोघंही लिहितात. त्याचे शापाचे शब्द मात्र दोघंही देत नाहीत. पेत्र घसरला हे लपवलेलं नाही, आणि मनात राहतो तो लगेच आरवलेला कोंबडा.

तसंच करता येतं. 'तांडेलानं अशी शिवी हासडली की जाळं ओढणाऱ्या खलाशांचे हात थांबले.' एवढ्यात तांडेल दिसतो.

अपवाद आहे. कोणाला जातीवरून शिवी घातली आणि कथा त्या जखमेवरच उभी असेल, तर शब्द लिहावा. तिथे तो गाळला तर आपण शिवी देणाऱ्याची अब्रू राखतो, सोसणाऱ्याची नाही. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती १८५७ची 'यमुनापर्यटन', ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींची. विषय विधवांचे हाल. म्हणजे नकोशी गोष्ट उघड सांगणं ही आपल्याकडे जुनीच रीत.

तेव्हा दादा, तांडेलाला सभ्य करू नका. फक्त प्रत्येक शिवीला विचारा, तू इथे कोणासाठी आलीस? उत्तर नसेल तर खोडा.

भेटू पुढच्या भागात.